विसाईचे चार बुधवार

विसाई नावाची देवी कुठल्या पुराणात नाही. ती मी तयार केली, धुळ्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत, एका दुपारी, साधारण दीड तासात. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी तिथं ग्रंथपाल होते, वय तिशीच्या आसपास, लग्न झालेलं नव्हतं, आईबरोबर राहत होते.

त्या दीड तासाआधी एक कादंबरी होती. इंग्रजीचे सर लायब्ररीत रोज चहाला यायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, वाचन दांडगं, आणि कुठल्याही गोष्टीवर पटकन हसणारे. त्यांनी मला एका परदेशी लेखकाची एक जुनी, गाजलेली कादंबरी दिली. तिच्यात एका गरीब मुलखात एक माणूस स्वतःच धर्म रचतो आणि लोकांना सांगूनही टाकतो, की हे सगळं मी रचलंय. तरी लोक तो धर्म पाळतात. पुस्तक भयंकर होतं आणि मी ते हसत हसत वाचलं. एका बैठकीत दहा-बारा माणसं मरायची आणि लेखक त्यांच्याविषयी हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायचा. पुस्तक परत देताना मी म्हणाले, "सर, हे आपल्याकडे चालणार नाही. आपल्याकडे रचलंय असं कोणी सांगत नाही."

"मग तुम्ही सांगून बघा," सर म्हणाले.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी शिक्षक-कर्मचाऱ्यांकडून लेख मागवले होते. 'हलकंफुलकं' नावाचा एक विभाग असायचा. त्यात किस्से, विडंबनं असलं काही यायचं. त्या काळात एसटी स्टँडवर, देवळाबाहेर, किराणा दुकानात व्रतांच्या पातळ पुस्तिका मिळायच्या. अमुक शुक्रवार, तमुक गुरुवार. त्यांची भाषा मला तोंडपाठ होती. मी तशीच एक पुस्तिका लिहिली.

कथा अशी, की एका नगरात एक बाई पहाटेपासून राबत असते. एक म्हातारी दारात येते आणि म्हणते, मला टेकायला जागा दे. बाई घरभर बघते. बाजेवर सासरा, ओट्यावर दीर, झोपाळ्यावर नवरा. बाईमाणसाला बसायला घरात जागाच नसते. मग ती चुलीपुढचा आपला पाट उचलून देते. म्हातारी त्यावर बसते आणि प्रसन्न होते. तीच विसाई, विसाव्याची देवी. तिचं व्रत चार बुधवार करायचं. सकाळी आंघोळ करून चुलीकडे पाठ करून पाटावर बसायचं. दिवेलागणीपर्यंत चूल, पाणी, केरसुणी यांना हात लावायचा नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी रांधलेलं खायचं. मागे वळून चुलीकडे पाहायचं नाही.

शेवटी धमकी हवीच. ती नसेल तर व्रताची पुस्तिका खरी वाटत नाही. म्हणून मी शेवटची ओळ घातली, की जी मागे वळून पाहील तिचं व्रत मोडेल आणि तिच्या लेकराबाळांना आगीपासून भय राहील. चुलीची देवी, म्हणून आग. याहून जास्त विचार मी केला नव्हता. सरांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांना ठसका लागला इतके ते हसले.

अंक छापणारा प्रेसवाला वयस्क होता. सगळे त्याला नाना म्हणायचे. कपाळाला गंध, बोटांना शाई, अक्षरांचे खिळे जुळवणारी दोन माणसं हाताखाली. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि व्रतांच्या पुस्तिका हाच त्याचा मुख्य धंदा होता. आमच्या अंकाची प्रुफं त्याच्या घरात त्याच्या सुनांनी वाचली, त्यांना ते व्रत आवडलं, आणि नानाने माझी ती चार पानं वेगळी काढून छापली. 'हलकंफुलकं' या शीर्षकाचा ब्लॉक वेगळा होता, तो मागे राहिला. माझं नावही गळलं, कारण व्रताच्या पुस्तिकेवर लेखकाचं नाव नसतं.

मला हे कळलं तेव्हा दोन-तीन महिने झाले होते. आमच्या गल्लीत एका बुधवारी शेजारची बाई ओट्यावर पाट टाकून रस्त्याकडे तोंड करून बसलेली दिसली. आत तिचा नवरा, शाळेत मास्तर असलेला माणूस, पिठलं ढवळत होता. पिठलं लागल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. आईने तिला विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, "विसाईचा बुधवार आहे, अक्का. तुम्हाला माहीत नाही?"

मग ते सगळीकडे दिसायला लागलं. एरंडोलला माझी मावशी होती, तिचं पत्र आलं की इथं बायका विसाई करतात, तुमच्याकडे आहे का. पारोळ्याहून येणाऱ्या एका प्राध्यापिकेने बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. बायका आपसात बोलायच्या. एक म्हणाली, लग्नानंतर मी पहिल्यांदा दिवसा झोपले. दुसरीच्या सासूने आधी कटकट केली, मग पुढच्या बुधवारी स्वतःच पाट मांडला.

सर म्हणाले, "मॅडम, तुमचा धर्म चालला."

मला आवडलं. ते इथं लपवून उपयोग नाही. मला वाटलं, खोट्याने का होईना, बायकांना चार दिवस बसायला मिळालं, यात वाईट काय? मी नानाकडे तक्रार घेऊन गेले नाही. कोणाला सांगितलंही नाही की ही पुस्तिका माझी आहे. सर आणि मी चहा पिताना त्यावर बोलायचो, आज अमक्या घरी खिचडी करपली, आज तमक्याने हॉटेलातून भजी आणली, असं. मी स्वतः व्रत केलं नाही. करायची गरज नव्हती. आमच्याकडे स्वयंपाक आई करायची. मी तर रोजच चुलीकडे पाठ करून बसलेली होते.

लायब्ररीत झाडलोट करायला आणि पाणी भरायला एक बाई यायची. शिंदखेड्याकडच्या खेड्यातली, माझ्याच वयाची. मी तिला बाई म्हणायचे, ती मला ताई. नवरा मार्केट यार्डात हमाल. एकच मुलगी, अकरा वर्षांची, सहावीत होती. बाईला वाचता येत नव्हतं. कामात चोख होती आणि कमी बोलायची. ती व्रत करते हे मला माहीत नव्हतं. तिने बुधवारी रजा कधी मागितली नाही. लायब्ररीचं काम सकाळी उरकून ती घरी जायची आणि मग पाटावर बसायची. पुस्तिका तिला मुलीने वाचून दाखवली होती.

एका गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी शिपायाने सांगितलं, तिची मुलगी भाजली, सिव्हिलमध्ये आहे.

मी गेले. मुलीच्या उजव्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत पट्ट्या होत्या, मानेवर थोडं भाजलेलं होतं. बाई पलंगाशेजारी फरशीवर बसली होती. मला बघून उठली नाही. मी काय झालं विचारलं, तर ती हळू आवाजात म्हणाली, "मी मांगे फिरीसन देखं, ताई. म्हनीसन व्हयनं."

मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. तिसरा बुधवार होता. ती पाटावर बसली होती, मुलगी रॉकेलच्या स्टोव्हवर डाळ शिजवत होती. स्टोव्हचा आवाज मोठा वाटला म्हणून तिने वळून पाहिलं. पाहायला नको होतं. त्याच क्षणी पातेलं कलंडलं. विसाईने सांगितलं होतं, आगीपासून भय राहील. तसंच झालं.

मी स्टुलावर बसले होते. मला आठवतं, मी पायातली चप्पल पुन्हा पुन्हा काढत आणि घालत होते.

बाई औषध आणायला खाली गेली तेव्हा मी मुलीला विचारलं, कसं झालं ग? ती हुशार मुलगी होती, शाळेतल्यासारखं नीट बोलायची. म्हणाली, "डाळ उतू जात होती. मी आईला दोनदा हाक मारली, माय, उतरवू का? ती म्हणाली, उतरव. ती तिकडे तोंड करून बसली होती. फडकं ओलं होतं, चटका बसला, पातेलं सुटलं. मी ओरडले तेव्हा ती वळली."

"आधी नाही वळली?"

"नाही. आधी वळली असती तर तिनंच उतरवलं असतं ना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं.

म्हणजे बाईच्या डोक्यात गोष्ट उलटी बसली होती. ती समजत होती, आपण वळलो म्हणून पोर भाजली. खरं म्हणजे ती वळली नाही म्हणून पोर भाजली. आणि वळायचं नाही हे मी लिहिलं होतं, कारण तिथं धमकी शोभत होती.

मी घरी येऊन आईला काही सांगितलं नाही. सोमवारी कॉलेजचा वार्षिक अंक घेऊन पुन्हा सिव्हिलमध्ये गेले. बाईपुढे ते पान उघडलं. वर 'हलकंफुलकं' असं छापलेलं, खाली माझं नाव. तिला वाचता येत नव्हतं म्हणून मुलीने ते नाव मोठ्याने वाचलं. मी म्हणाले, "बाई, ही देवी नाही. ही मी लिहिली आहे, गंमत म्हणून. तुम्ही वळलात म्हणून काही झालं नाही. देवीच नाही तर कोपेल कोण?"

बाईने पानावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुम्हीन लिखं व्हई. पन लिखाले तुम्हले कोनी लावं?"

मी म्हणाले, कोणी नाही, मीच.

"तुम्हीन करं का कधी हाई व्रत?"

"नाही."

"मंग तुम्हले कसं समजी?" असं म्हणून तिने अंक मिटून माझ्या हातात दिला. तो देताना तिने आधी तो कपाळाला लावला.

पुढे काय झालं ते मी सरांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. बाई कामावर यायला लागली, पण तिने बुधवारचं जेवण सोडलं. मग सोमवारचंही. देवी शांत व्हावी म्हणून. एक दिवस ती पुस्तकांच्या कपाटांमध्ये चक्कर येऊन पडली. शिपायाने आणि मी तिला उचलून बाकावर ठेवलं. तिचं वजन लागलं नाही. मी हे सरांना सांगितलं, आणि तिने कोनी लावं असं विचारलं तेही सांगितलं. सरांचे डोळे चमकले. ते म्हणाले, "केवढं मोठं वाक्य आहे हे. त्या कादंबरीच्या लेखकालाही सुचलं नसतं."

मी म्हणाले, "सर, ती जेवत नाहीये."

"हो, ते वाईटच," ते म्हणाले, आणि कपातला चहा संपवला. ते वाईट माणूस नव्हते. मुलीच्या औषधांसाठी त्यांनी स्टाफरूममध्ये मदत गोळा केली होती. पण त्या दिवसापासून मी चहाच्या वेळी नोंदवह्या काढून बसायला लागले, आणि त्यांच्या ते लक्षात आलं.

मी नानाच्या प्रेसवर गेले. त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, ही पुस्तिका बंद करा. नानाने चष्मा काढून पुसला. त्याला धक्का बसला होता, पण माझ्यासारखा नाही. तो म्हणाला, "ताई, मी थांबवेन. आजच थांबवतो. पण जळगावला एकाने छापायला सुरुवात केली आहे. तो माझं ऐकणार नाही. आता ही गोष्ट तुमच्या-माझ्या हातात राहिली नाही."

"मग काय करायचं?"

"बंद करता येत नाही. पण वाढवता येतं," नाना म्हणाला. "जुन्या व्रतांमध्येही असतं. काही चुकलं तर काय करावं ते शेवटी दिलेलं असतं. तुमच्यात ते नाही. तुम्ही ते लिहिलंच नाही."

त्याने मला एक बाक आणि कागद दिला. मशीनचा खडखडाट चालू होता. मी तिथंच बसले आणि दुसऱ्यांदा लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिताना मी हसत होते, दुसऱ्यांदा मला एकेक शब्द जड गेला. पहिल्या मजकुरात 'घरातल्या दुसऱ्या कोणी रांधलेलं' असं मी लिहिलं होतं. हा दुसरा कोण, याचा विचार मी केला नव्हता. मास्तरांच्या घरी तो मास्तर होता. हमालाच्या घरी हमाल दिवसभर पोती वाहत होता, म्हणून तो दुसरा म्हणजे ती अकरा वर्षांची मुलगी होती.

मी लिहिलं, की विसाई ही आई आहे आणि आई मागे वळून पाहणारच. जी लेकरासाठी वळेल तिला दोष नाही, तिचं व्रत दुप्पट फळेल. व्रताच्या दिवशी लहान मुलाकडून चूल पेटवून घेऊ नये. घरातल्या पुरुषाने रांधावं, तो नसेल तर व्रत पुढच्या बुधवारावर टाकावं. या दिवशी उपाशी राहणं देवीला आवडत नाही. काही चुकलं असं वाटलं तर उद्यापन करावं. त्या दिवशी आईने चुलीकडे तोंड करून बसावं, मुलीचा हात हातात घ्यावा आणि पहिला घास तिला भरवावा.

नानाने वाचलं आणि म्हणाला, "यात शेवटी भीती नाही."

"नकोच."

"बघा बुवा," तो म्हणाला. पण छापलं.

मी ती नवी पुस्तिका बाईला स्वतः दिली नाही. मी दिली असती तर तिला संशय आला असता, किंवा आला नसता. दोन्ही मला नको होतं. नानाच्या सुनेने ती हळदीकुंकवाच्या वेळी बाईच्या मुलीच्या हातात ठेवली. आठवड्याभराने बाई लायब्ररीत आली तेव्हा तिने डबा आणला होता आणि दुपारी तो उघडला. मला म्हणाली, उद्यापन करायचं आहे, तुम्ही जेवायला या.

पुढचं आधीच सांगून टाकते. मुलीचा हात बरा झाला, पण कोपर पूर्ण सरळ होत नसे. ती शिकली, बारावी झाली, तिचं लग्न पारोळ्याकडे झालं. बाई निवृत्त होईपर्यंत लायब्ररीत होती. सर नाशिकला गेले, त्यांची पत्रं यायची, मी उत्तरं पाठवायचे. नव्वदच्या दशकात मी जळगावच्या एका लायब्ररीत नोकरी घेतली. तिथं स्टँडबाहेरच्या एका दुकानात मला विसाईची पुस्तिका दिसली. जुनीच होती, धमकीसकट. मी दुकानदाराला म्हणाले, याच्यात नवा भागही आहे, शेवटचं पान. तो म्हणाला, "आणलं होतं ताई ते पण. बायका म्हणतात, हे नको, ते कडक असलेलं द्या." मी जळगावच्या त्या छापणाऱ्याला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. नंतर घरोघर टीव्हीच्या वाहिन्या वाढल्या, आणखी नवी व्रतं आली, आणि विसाई हळूहळू दिसेनाशी झाली. कुठल्या खेड्यात कोणी अजून करत असेल तर मला माहीत नाही. त्या कादंबरीविषयी मला पुढे विद्यार्थी विचारायचे, वाचावी का. मी हो म्हणायचे. चांगलं पुस्तक आहे.

उद्यापनाच्या बुधवारी मी दुपारी त्यांच्या घरी गेले. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. बाई स्टोव्हकडे तोंड करून पाटावर बसली होती, अंगावर नवी साडी. तिचा नवरा वरण-बट्टी करत होता. उंच, गप्प माणूस, बट्ट्या उलटताना पोतं उचलावं तसा वाकायचा. भिंतीवर इतर देवांचे फोटो होते. एक चौकोन रिकामा ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

बाईने मुलीचा उजवा हात हातात घेतला. त्या हातावरची कातडी गुलाबी आणि ताणलेली होती. बाई हाताकडे बघत राहिली. मजकुरात होतं तेवढंच तिने केलं, जास्त काही नाही. मग बट्टीचा तुकडा वरणात बुडवून मुलीला भरवला. मुलगी गरम गरम म्हणत हसली. बाईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तुम्ही सुद्धा जेवा. मला नारळ दिला. मी तो घेतला. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

जेवताना मुलीने त्या रिकाम्या चौकोनाकडे बोट दाखवून मला विचारलं, "ताई, विसाईचा फोटो कसा नाही मिळत?"

"अजून कोणी काढला नाही," मी म्हणाले.

तिने जेवणं झाल्यावर वहीचं पान फाडलं. उजवा हात नीट वळत नव्हता, म्हणून डाव्या हाताने काढायला बसली. रेषा वाकड्या येत होत्या. पाट काढला, त्यावर पाठमोरी बसलेली बाई, पाठीवर वेणी, दोन बाजूंना दोन बांगड्या भरलेले हात. आईला दाखवलं.

"आनी तोंड?" बाईने विचारलं.

"तोंड तिकडे शे," मुलगी म्हणाली.

बाईने मान हलवली आणि कागद भाताच्या चार शितांनी भिंतीला चिकटवला. तिच्या नवऱ्याने मला आणखी एक बट्टी वाढली. ती आतून जरा कच्ची होती. मी खाल्ली.